गोळी देण्याआधी पाण्याची चौकशी करणारं दुकान

मार्केट यार्डाच्या रस्त्यावरच्या या जनावरांच्या औषधांच्या दुकानात मी दोन वर्षांपासून येते. आमचं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात. घरी सव्वीस उस्मानाबादी शेळ्या आणि एक पंढरपुरी म्हैस. जवळ दोन दुकानं असताना एसटीचं तिकीट काढून इथं का येते, ते सांगायलाच पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात करडांना रक्ताची हगवण लागली. तेव्हा मी दुसऱ्याच एका दुकानात गेले. काउंटरवरच्या पोरानं सल्फाच्या, म्हणजे हगवणीचे जंतू मारणाऱ्या औषधाच्या, गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या, पैसे घेतले, झालं. वजन किती, दिवस किती, काही विचारलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. हगवण थांबत नव्हती म्हणून मी गोळ्या पाजतच राहिले. ऊन बेचाळीसच्या पुढं, पाणी टँकरचं, हौद निम्मा रिकामा. आठव्या दिवशी काळा बोकड पाय फाकून कण्हायला लागला. मुताचे दोनच थेंब, तेही लालसर. पोटाखालच्या केसांना वाळूसारखे बारीक कण चिकटलेले. मी ते बोटांनी चोळून बघितले, खरखर लागत होते. डॉक्टर येईस्तोवर तो गेला. सल्फा मुतावाटे बाहेर पडतं, पाणी कमी पडलं की मूत्रपिंडात आणि मुताच्या वाटेत त्याचे खडे धरतात, असं डॉक्टरांनी समजावलं. तो कण्हण्याचा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

यंदा पुन्हा चार करडं पातळ हगायला लागली. या वेळी आधी लेंडी डबीत घालून सोलापूरला पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात नेली. सूक्ष्मदर्शकाखाली बघून कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले बारीक परजीवी, असल्याचं सांगितलं आणि सल्फाडिमिडीन हे सल्फाचंच औषध लिहून दिलं. मी दुकानात गेले तर मालकांनी आधी हात पुढं केला.

"अक्का, चिठ्ठी?"

चिठ्ठी वाचून पुढचा प्रश्न, "वजन केलं का करडांचं?"

"अंदाजे आठ किलो असतील."

"अंदाज नको. ताणकाट्याला पोत्यात टांगा, मग मला फोन करा. पाणी किती आहे घरी?"

औषधाच्या दुकानात पाण्याची चौकशी कोण करतं! मी बोकडाचं सांगितलं तेव्हा ते काउंटर सोडून बाहेर आले, माझ्याशेजारी बसले आणि चिठ्ठीतलं एकेक वाक्य समजावलं. पहिल्या दिवशी मोठा डोस, नंतर रोज त्याच्या निम्मा, आणि डॉक्टरांनी लिहिलेत तेवढेच दिवस. आधी बरं वाटलं म्हणून मधे सोडायचं नाही, आणि बरं वाटत नाही म्हणून मनानं वाढवायचंही नाही, डॉक्टरांना फोन करायचा. ताजं पाणी दिवसभर सावलीत समोर पाहिजे. जे करडू पाणी तोंडाला लावत नाही त्याला गोळी न देता आधी डॉक्टरांना दाखवा, हेही त्यांनीच सांगितलं. घरात कुणाला सल्फाची ॲलर्जी आहे का, हेसुद्धा विचारलं. आमच्या जाऊबाईंच्या अंगावर सल्फानं गांध्या उठतात. म्हणून गोळी कुटायचं काम मी माझ्याकडं घेतलं, नंतर साबणानं हात धुतले. त्यांना खलबत्त्याजवळही येऊ दिलं नाही.

घरी येऊन टांगून वजन केलं तर एक करडू पावणेसहाच किलोचं निघालं. आठच्या हिशेबानं त्याला जास्तच गेलं असतं. चारही वाचली. हौदाची गळकी कड सिमेंटनं बुजवली, कारण तिथल्या ओल्या लेंडीतूनच हे पसरतं.

आता दुसरी गोष्ट. चारांतला एक बोकड रमजान ईदला विकायचा होता. औषध दिल्यावर मांस-दूध किती दिवस वापरायचं नाही, ते मालकांनी पाकिटावर बघितलं, त्यावर दिवस छापलेले नव्हते. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या डोसापासून पुढं अठ्ठावीस दिवस बोटानं मोजत गेले आणि पेनानं गोल केला. लेबलवर दिवस दिलेले नसतील तर मांसासाठी निदान २८ दिवस आणि दुधासाठी ७ दिवस थांबायचं, असा २०१२ पासूनचा सरकारी नियम आहे. गोल ईदच्या पुढं पडला. गिऱ्हाईक ठरलेलं होतं, पैशाची गरजही होती. तरी मी तो बोकड ठेवला. ज्यांच्या घरात तो शिजला असता त्यांच्यात जाऊबाईंसारखं कुणी असतं तर?

म्हशीचं दूधही असंच. दिवाळीत तिला सल्फाचं इंजेक्शन झालं तेव्हा लेबलावर छापलेले दिवस संपेपर्यंत मी डेअरीला एक लिटरही घातलं नाही.

तक्रार एकच. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, गावाकडून येणाऱ्याला ताटकळावं लागतं. तेवढं बघा मालक. येताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि वजनाचा कागद घेऊन या. चिठ्ठी नसेल तर ते गोळी देणार नाहीत, भांडू नका. समोरच फळीवर १९६२ नंबर लिहिलाय, तो लावा, फिरता दवाखाना येतो.