नौपाड्यातील उत्क्रांतीचा रविवारवर्ग : एका पालकाचा अभिप्राय

ठाण्याच्या नौपाड्यात रविवारी सकाळी भरणाऱ्या एका खासगी विज्ञानवर्गात माझ्या मुलीने उत्क्रांतीवरील महिनाभराचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. तेथे पालकांना मागे बसू देतात, त्यामुळे प्रत्यक्ष पाहिलेलेच लिहीत आहे.

अशा वर्गाची गरज आमच्या सोसायटीतच दिसते. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे आहे. सीबीएसईच्या शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलीच्या पुस्तकात मात्र केवळ आनुवंशिकता उरली आहे, कारण एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रमाचा भार कमी करताना उत्क्रांतीचा भाग गाळला. तो बारावीच्या जीवशास्त्रात आहे खरा, परंतु दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेकडे जाणाऱ्या मुलांच्या वाट्याला तो येत नाही. २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी याविरुद्ध खुले पत्र लिहिले, ते मला पूर्णपणे रास्त वाटते.

सर्वांत उत्तम झाला तो हाडांचा तास. माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांतील हाडांच्या प्रतिकृती टेबलावर एकत्र मिसळून ठेवल्या होत्या. दंडाचे एक हाड, त्याखालची दोन, मग मनगटाची बारीक हाडे अशा क्रमाने मुलांनी त्या लावत नेल्या, तेव्हा चारही अवयवांची मूळ मांडणी एकच आहे हे कोणी सांगावे लागले नाही. बैलाच्या पायातील ती दोन हाडे एकमेकांना जुळलेली आहेत, हेही एका मुलाने आपणहून दाखवले.

मत्स्य, कूर्म, वराह या अवतारांच्या क्रमात हेच सांगितलेले नाही का, असे एका मुलीने विचारले. बाईंनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. अवतारकथा श्रद्धेने ऐकल्या जातात, विज्ञानाचे विधान मात्र तपासून पाहावे लागते, एवढे सांगून त्या टिक्टालिक या प्राचीन प्राण्याकडे वळल्या. मासे आणि चतुष्पाद यांच्या मधला प्राणी सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळायला हवा, असे आधी ठरवून शास्त्रज्ञांनी कॅनडाच्या आर्क्टिक भागात शोध घेतला आणि २००४ मध्ये त्याचे जीवाश्म खरोखरच सापडले. घरी रोज देवपूजा करणाऱ्या मुलालाही कमीपणा वाटू नये, अशी ती मांडणी होती.

माझी तक्रार वेळेच्या वाटणीबद्दल आहे. १९२५ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर चाललेल्या खटल्याला, त्यातील १०० डॉलरच्या दंडासह, संपूर्ण रविवार दिला गेला. याउलट २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला आणि देशातील तीन विज्ञान अकादमींनी एकत्रितपणे त्याचा प्रतिवाद केला, हा आपल्याकडचा प्रसंग शेवटच्या काही मिनिटांत उरकला.

जागा थोडी अपुरी आहे, शुल्क वाजवी आहे. नववी-दहावीच्या मुलांना, विशेषतः सीबीएसईच्या, येथे अवश्य पाठवावे; पुढच्या तुकडीत २०१८ च्या वादासाठी स्वतंत्र तास ठेवावा, असे मी संचालकांना लेखी कळवले आहे.