फ्रॉइड म्युझियम, लंडन: खाली बापाचा कोच, वर मुलीचा माग

बीएडला नाहीतर सायकॉलॉजीच्या पेपरला ज्यांनी कधीतरी मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्या, मुलाच्या वाढीच्या पाच अवस्था घोकल्यात त्यांनी लंडनला आल्यावर हे म्युझियम बघाच, पण आधीच सांगते, ओरल एनल फॅलिक लेटन्सी जेनिटल असा तक्ता भिंतीवर लावलेला असेल अशा अपेक्षेने जाऊ नका, तो परीक्षेच्या गाइडमध्ये आहेच. हे एक राहतं घर होतं, फ्रॉइड इथे जेमतेम वर्षभर राहिला आणि त्याची मुलगी ॲना चाळीसेक वर्षं, त्यामुळे माझ्या मते हे घर तिचं आहे, नाव जरी बापाचं जास्त असलं तरी.

पत्ता २० मेअर्सफील्ड गार्डन्स, हॅम्पस्टेड. आम्ही हॅरोकडचे लोक मेट्रोपॉलिटन लाइनने फिंचली रोडला उतरतो, तिथून चालत पाचसात मिनिटं, थोडा चढ आहे. मी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या नाशिकला बालवाडी चालवायच्या, आता रिटायर झाल्यात, आणि राजवाडे वगैरे बघून त्यांना कंटाळा आला होता.

नाझींनी व्हिएन्ना घेतल्यावर जून १९३८ मध्ये फ्रॉइड लंडनला आला, वय ८२, तोंडाचा कॅन्सर, सप्टेंबरमध्ये या घरात राहायला आला आणि पुढच्या सप्टेंबरात गेला. नशिबाने सामान सगळं बाहेर काढता आलं होतं, म्हणून पेशंटला आडवं झोपवून बोलतं करायचा तो जगप्रसिद्ध कोच आज व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये नाहीये, इथे आहे. पॉला फिश्टल म्हणून त्यांची घरकाम करणारी बाई होती, तिला व्हिएन्नाच्या खोलीत कुठली वस्तू कुठे होती ते पाठ होतं आणि तिच्या आठवणीवर अख्खी स्टडी इथे परत मांडली गेली. कोच एका पेशंटबाईनेच १८९० च्या सुमारास भेट दिलेला, त्यावर इराणी गालिचा टाकलाय, डोक्याच्या बाजूला मागे फ्रॉइडची खुर्ची, म्हणजे बोलणाऱ्याला ऐकणारा दिसायचा नाही. आणि खोलीभर मूर्तीच मूर्ती, इजिप्तच्या, ग्रीसच्या, रोमच्या, एकूण दोन हजारांच्या आसपास, टेबलावर तर लिहायला जागा कुठे होती कळत नाही.

तिथेच सासूबाई थबकल्या, "अगं हा आपला विष्णू इथे काय करतोय?" तर ती हस्तिदंती मूर्ती कलकत्त्याहून आलेली आहे. तिथले मनोविश्लेषक गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये तिकडे इंडियन सायकोॲनॅलिटिकल सोसायटी, म्हणजे मनोविश्लेषणाची संस्था, काढली होती आणि फ्रॉइडच्या पंचाहत्तरीची भेट म्हणून १९३१ मध्ये ती व्हिएन्नाला पाठवली. गंमत म्हणजे हेच बोस पत्रातून त्याच्याशी वाद घालायचे की तुमचा तो इडिपस (म्हणजे मुलाला आईची ओढ आणि बापाशी चढाओढ) आणि लिंगच्छेदाची भीती वगैरे युरोपियन पेशंटमध्ये असेल, माझ्याकडच्या पेशंटमध्ये वेगळंच दिसतं, बाई होण्याची सुप्त इच्छा जास्त सहज वर येते. दोघं आयुष्यात कधी भेटले नाहीत. आपल्या सिलॅबसमध्ये हे बोस का नसतात देव जाणे.

आता थिअरीबद्दल, कारण त्याशिवाय हे घर म्हणजे नुसतं जुनं फर्निचर. १९०५ मध्ये फ्रॉइडने मांडलं की लहान मुलाचं सुख शरीराच्या एकेका भागाभोवती फिरतं, आधी तोंड, मग शी-शूचा ताबा, मग लिंग, आणि या कल्पनेला पुढे बरीच वर्षं तो भर घालत राहिला. एखाद्या टप्प्यावर फार लाड झाले किंवा फार हाल झाले तर माणूस तिथे अडकतो आणि मोठेपणी ते स्वभावात दिसतं. १९०८ च्या लेखात तर नीटनेटकेपणा, चिक्कूपणा आणि हट्ट ही तिन्ही लक्षणं एकत्र बांधून त्याने संडासाच्या टप्प्याशी जोडली. हे वाचल्यापासून मी आमच्याकडच्या एका माणसाकडे वेगळ्या नजरेने बघते (नाव नाही सांगत, पण तो डबे उंचीप्रमाणे लावतो). पण मग स्वतः दिवसाला वीसवीस सिगार ओढणारा, कॅन्सरची तीसहून जास्त ऑपरेशनं झाली तरी न सोडणारा आणि दोन हजार मूर्ती साठवणारा माणूस कुठल्या टप्प्यावर अडकला म्हणायचा? म्युझियम यावर काही बोलत नाही, ते तुम्हीच कोचासमोर उभं राहून ठरवायचं.

मला तिथे प्रकर्षाने जाणवलं ते वेगळंच. बालपणाचा एवढा मोठा डोलारा ज्या खोलीतल्या सामानावर उभा राहिला तिथे लहान मूल कुठेच नाही, मोठी माणसं आडवी पडून आठवणी सांगतायत आणि हा मागे बसून अवस्था बांधतोय. घोड्याला घाबरणाऱ्या छोट्या हान्सची ती गाजलेली केस, १९०९ ची, तीसुद्धा मुलाच्या बापाने लिहून पाठवलेल्या नोंदींवर आहे, उपचार चालू असताना फ्रॉइड त्या पोराला एकदाच भेटला. पोरगा पुढे ऑपेराचा दिग्दर्शक झाला, चांगला नावाजलेला.

म्हणून वरचा मजला चुकवू नका. ॲनाची खोली तिथे आहे, तिचा हातमागही आहे. ही सहा भावंडांत धाकटी, व्हिएन्नात प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि तिचं मनोविश्लेषण चक्क बापानेच केलं, आज कुणी असं केलं तर लायसन्स जाईल. युद्धात तिने तिची मैत्रीण डोरोथी बर्लिंगहॅम हिच्यासोबत हॅम्पस्टेडमध्ये घरदार सुटलेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली आणि तिथे मुलं खातात कशी, झोपतात कशी, रडतात कधी याच्या रोजच्या नोंदी ठेवल्या. त्यातून दिसलं की बाँबपेक्षा आईपासून तुटण्याने मुलं जास्त खचतात. नंतर तिने लिहिलं की मूल एका बाबतीत पुढे आणि दुसऱ्या बाबतीत मागे असू शकतं, खाण्यात तरबेज पण दोस्ती करण्यात अजून बाळच, म्हणजे एकच शिडी नाही, अनेक रेषा. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन तिच्याच हाताखाली शिकला आणि त्याने वाढीचे आठ टप्पे करून ते पार म्हातारपणापर्यंत नेले.

सासूबाईंना मी हे सगळं समजावत होते तर त्या म्हणाल्या, "मास्तरीण होती ना, मग बरोबर. आमच्या ताराबाई मोडकांनी पण तेच सांगितलंय, आधी मूल बघा." मी म्हटलं, "आई, तुम्ही हे खाली बोलला असता तर फ्रॉइड चिडला असता." तर म्हणतात, "चिडू दे, त्याला मुलं बायकोने सांभाळून दिली." यावर मला काही सुचलं नाही.

रेटिंग चार. घराला पाच, कापलेला एक स्टार खालच्या खोलीतल्या थिअरीचा. लहान मुलांना नेऊ नका, त्यांना हात लावायला काही नाही, तासाभरात कंटाळतील. जिन्याच्या वळणावर वुल्फ मॅन म्हणतात त्या फ्रॉइडच्या पेशंटने स्वतःच्या स्वप्नातले झाडावरचे लांडगे रंगवलेत ते चित्र आहे, लोक फोटो बघायच्या नादात पुढे जातात. बाहेर पडल्यावर त्राण असेल तर खाली फिट्झजॉन्स ॲव्हेन्यूवर टॅव्हिस्टॉक सेंटर या मानसोपचार केंद्रासमोर फ्रॉइडचा ऑस्कर नेमनने केलेला पुतळा आहे, तोही बघून घ्या. आणि म्युझियम आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, वार आणि तिकिटाचा रेट साइटवर बघूनच निघा.