अलहम्ब्राची तिकिटं आणि माझे ३१,७४७ रुपये

खोट्या तिकिटांना फसले, ते लिहायला लाज वाटतेय. तरी लिहितेय, कारण नाताळच्या सुट्टीत स्पेनला निघालेली ओळखीतली तीन घरं आहेत आणि तिघांचीही अलहम्ब्राची, म्हणजे ग्रानादा शहरातल्या जुन्या किल्ला-महालाची, तिकिटं अजून काढायची आहेत.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं ग्रानादाला होतो. मी, हे, मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं माहेर सांगोल्याचं, डाळिंबाच्या बागांतलं. ग्रानादा म्हणजे स्पॅनिशमध्ये डाळिंब आणि शहराच्या चिन्हावरही डाळिंबच, हे नातीकडून ऐकल्यापासून त्यांनी त्या गावाचा ध्यास घेतला होता. अलहम्ब्राच्या आतल्या नासरी महालातला बारा संगमरवरी सिंहांचा चौक त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचा होता.

निघायच्या बारा दिवस आधी रात्री मी तिकिटं काढायला बसले. ऑगस्ट सरला की गर्दी ओसरत असेल, असं मी धरून चालले होते. साफ चूक. नासरी महालात ठरलेल्या वेळेलाच सोडतात, रोजची संख्या मर्यादित असते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची हवा चांगली म्हणून सगळं जग तेव्हाच तिथे लोटतं. अधिकृत साइटवर आमचे दोन्ही दिवस भरलेले होते. मग गुगलवर शोधलं. सगळ्यात वर आलेली साइट हुबेहूब तशीच, त्याच लालसर किल्ल्याचा फोटो, नावातही अलहम्ब्रा. वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं होतं. ते वाचायचं असतं. सकाळी साडेदहाची वेळ शिल्लक, माणशी ७४ युरो. मूळ तिकीट याच्या निम्म्यानेसुद्धा नाही, हे मला माहीत होतं. पण सासूबाईंचं वय ६८, पुन्हा एवढा प्रवास कधी होणार, म्हणून मी जादा पैसे द्यायला तयार झाले. कोणीही झालं असतं.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे तो सांगते. अलहम्ब्राचं तिकीट नावावर असतं, पासपोर्टच्या क्रमांकासकट. म्हणून चौघांचे पासपोर्ट मी टेबलावर उघडून ठेवले होते. या साइटने फक्त नाव, ईमेल आणि मोबाइल नंबर विचारला. पासपोर्टचा रकानाच नव्हता. समोर चार पासपोर्ट उघडे पडलेत, एकाचाही क्रमांक टाइप करावा लागला नाही, आणि माझ्या मनात काय आलं? ‘बरं झालं, लवकर आटपलं.’ वीस वर्षं मी अकाउंट्समध्ये काम करते. एक आकडा कमी असलेलं बिल मी परत पाठवते. इथे चार क्रमांक गायब होते आणि मी पासपोर्ट मिटून कपाटात ठेवले.

ओटीपीसुद्धा आला नाही. परदेशी साइटवर पुष्कळदा येत नाही, त्यामुळे त्यात मला वावगं वाटलं नाही. मात्र बँकेच्या मेसेजमध्ये साइटचं नाव नव्हतं, भलत्याच कुठल्यातरी कंपनीचं होतं. तिथे तरी थांबून त्याच मिनिटाला कार्ड बंद करायला हवं होतं. २९६ युरोचे ३०,४८८ रुपये, त्यावर परकीय चलनाचं शुल्क १,०६७, त्या शुल्कावर जीएसटी १९२. एकूण ३१,७४७.

ग्रानादात तिकिटाच्या दिवशी सकाळी कॅथेड्रलपाशी रोजमेरीच्या डहाळ्या हातात कोंबून भविष्य सांगणाऱ्या बायकांना मी लांबूनच हात जोडले, कारण त्यांच्याबद्दल सगळ्यांनी बजावलं होतं. मग चढण चढून अलहम्ब्राच्या न्यायद्वार नावाच्या दरवाजातून आत गेलो. तिथे तिकीट कोणी बघत नाही, त्यामुळे सगळं सुरळीत चाललंय असंच वाटलं. नासरी महालाच्या रांगेत यंत्राने आमचा क्यूआर घेतला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मागे माणसं खोळंबलेली. सासूबाई विचारत होत्या, “काय गं, माझ्यामुळे अडलं का?” पाचव्या कार्लोसच्या महालाचा गोल चौक तिकिटाशिवाय बघता येतो. तेवढाच बघून आम्ही खाली उतरलो.

पोलीस चौकीत अडीच तास बसवलं. मग फोनवरच्या दुभाष्याकडून कळलं, पैसे भारतातून दिलेत, तक्रार तिकडेच करा. परतल्यावर इथे पुण्यात सायबर विभागात गेले, तर फसवणूक स्पेनमध्ये झाली म्हणे! बँकेने लिहून मागितलं की तिकीट खोटं होतं याचा प्रवेशद्वारावरचा लेखी दाखला आणा. रांगेत दीडशे माणसं उभी असताना असा दाखला कोण देतं? तीन आठवड्यांनी उत्तर आलं: विक्रेत्याने तिकिटाची पीडीएफ पाठवल्याचा पुरावा दिला आहे, सबब सेवा मिळालेली आहे, तक्रार बंद. खोट्या कागदाला सेवा म्हणतात! चार वेळा फोन केला, चारही वेळा नवा माणूस, पहिल्यापासून तीच सगळी कहाणी, आणि प्रत्येकाचा तोच प्रश्न, “मॅडम, व्यवहार तुम्हीच केला ना?” हो, मीच केला. म्हणून चोर साव ठरतो का?

पासपोर्ट क्रमांक न मागणाऱ्या साइटवर अलहम्ब्रासाठी एक युरोही भरू नका. तारखा भरलेल्या दिसल्या तर अधिकृत साइट रोज उघडून बघा, रद्द झालेली तिकिटं अधूनमधून परत येतात. रात्रीच्या भेटीचं तिकीट वेगळं असतं, तेही तपासा. नुसत्या बागांचं आणि आल्काझाबाचं (तिथल्या जुन्या गढीचं) तिकीट स्वस्त असतं, पण त्यावर नासरी महालात सोडत नाहीत, ते गळ्यात बांधून घेऊ नका. विमानाच्या आधी महालाची वेळ पक्की करा. रांगेत यंत्राने नाकारलं तर लगेच व्हिडिओ घ्या. माझ्याकडे तो नाही. आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला पहिल्या तासात फोन करा, मी केला तो थेट पुण्यात परतल्यावर.

बँकेने तक्रार फेटाळली की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पीडीएफ, बँकेचा मेसेज, फेटाळल्याचं पत्र, सगळं जोडून सोमवारी अर्ज करतेय. अशा प्रकरणात कोणाचे पैसे परत आले असतील तर नेमका कोणता कागद कामी आला, तेवढं कळवा.