रेसिपीत ‘फ्राय’ लिहिलंय, मग तळू की परतू?

गेल्या महिन्यात रात्री साडेआठला भाचीचा बंगळूरहून व्हिडिओ कॉल, मावशी जरा बघ ना हे असं का होतंय. बघते तर कढईत चांगलं वाटीभर तेल, त्यात दोन कांदे बारीक चिरून टाकलेले, सगळा फेस वर आलेला आणि कांद्याच्या कडा तपकिरी व्हायला लागलेल्या. छोले करत होती. इंग्लिश रेसिपीत ‘फ्राय द अनियन्स’ लिहिलेलं, तिने फ्राय म्हणजे तळणे असं धरलं आणि तळायला घेतला. तिला हवा होता परतलेला कांदा.

चूक तिची नाहीच. आपल्याकडे फ्राय म्हटलं की डोळ्यासमोर भजी येतात, पण इंग्लिशमध्ये फ्राय म्हणजे फक्त तेला-तुपात, चरबीत शिजवणं, मग ते चमचाभर असो की कढईभर. उलट तिकडे नुसतं फ्राय म्हटलं तर बहुतेक वेळा पसरट पॅन आणि थोडं तेलच असतं, ब्रिटिशांच्या नाश्त्यातलं फ्राईड एग बघा, आपण ज्याला हाफ फ्राय म्हणतो त्याचंच भावंड, ते काही कोणी तेलात बुडवून करत नाही. बुडवायचं असेल तर पुढे डीप लावतात. आपल्याकडे मात्र तळणे, परतणे, भाजणे, फोडणीला टाकणे असे वेगवेगळे शब्द पहिल्यापासून आहेत आणि प्रत्येकात तेल किती, आच किती, हात किती चालवायचा हे आलेलंच आहे. म्हणून मला वाटतं फ्राय दिसलं की आधी मनात त्याचं मराठी करून घ्यावं, मगच गॅस लावावा.

आता कसं ओळखायचं ते सांगते. साहित्यात तेल चमच्यात दिलंय, दोन टेबलस्पून वगैरे, तर ते परतणं. साहित्याच्या शेवटी माप न देता नुसतं ‘ऑइल फॉर फ्राइंग’ लिहिलंय आणि कृतीत ‘ड्रेन’ म्हणजे निथळून घ्या असं आलंय, तर तळणं. ‘फ्लिप’ किंवा एकदाच उलटा म्हटलंय तर तव्यावरचं काम. ‘स्टर’ किंवा ‘टॉस’ दिसलं तर तेही परतणंच, फक्त आच मोठी की मंद ते बघायचं. कांद्याबाबत एकच ठिकाण फसवं आहे, बिर्याणी. तिथे वर घालायचा कुरकुरीत कांदा, बिरिस्ता, तो खरंच तळायचा असतो, आणि त्याच बिर्याणीच्या मसाल्यातला कांदा परतायचा असतो आणि रेसिपीत दोन्हीकडे फ्रायच लिहिलेलं असतं.

तळणं आणि परतणं यात फरक नुसता तेलाचा नाही. तळताना पदार्थ सगळीकडून गरम तेलात असतो, साधारण १७० ते १९० अंश सेल्सिअस, आतल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर पडत असते, ते बुडबुडे म्हणजे तीच वाफ, आणि ती बाहेर ढकलत असते तोवर तेल फार आत शिरत नाही. बुडबुडे कमी झाले की समजायचं पाणी संपत आलं. चकली काढायची वेळ आपल्या आया यावरूनच ठरवायच्या. तेल थंड असेल तर चकली तेल पिते, फार कडक असेल तर बाहेरून लाल आणि आत मऊ. अजून एक, बरंचसं तेल पदार्थ बाहेर काढल्यावर, गार होताना आत ओढलं जातं, म्हणून झाऱ्यावर नीट निथळून लगेच कागदावर किंवा जाळीवर टाकायचं, ताटात ढीग करून ठेवायचं नाही. परतताना याच्या उलट, कांद्याचं पाणी आपल्याला हळूहळू आटवायचं असतं, तो गुलाबी होतो, गोडसर होतो, मग टोमॅटो, मग मसाला आणि शेवटी कडेने तेल सुटतं. कढईभर तेलात हे तेल सुटणं कळणारच कसं?

तव्यावरचं फ्राय हा मधला प्रकार आणि मला सगळ्यात प्रिय. मालवणी खानावळीत सुरमई फ्राय, बोंबील फ्राय म्हणतात ते हेच. बोंबलाचं सांगते कारण त्यात सगळी मेख पाण्याची आहे. हा मासा इतका पाणीदार की नुसता तव्यावर टाकला तर तिथेच लगदा होतो. म्हणून मधून चिरून उघडायचा, काटा काढायचा, फडक्यात गुंडाळून वर पाटा नाहीतर जड डबा ठेवून अर्धा-एक तास दाबायचा. फडकं ओलंचिंब होतं. मग हळद, तिखट, मीठ, आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस लावायचं, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवायचा आणि तव्यावर तेल सोडून टाकायचा. टाकल्यावर तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही! खालची बाजू धरली की तो स्वतःच सुटतो, मग एकदाच उलटायचा. सारखं हलवलं की रवा तव्यावर आणि मासा उघडा. हा बोंबील बुडवून तळला तर कुरकुरीत होतो, नाही असं नाही, पण तव्यावरची ती खरपूस चव त्याला येत नाही असं माझं ठाम मत आहे.

हॉटेलातल्या दाल फ्रायमध्ये मात्र डाळ कोणी तळत नाही. कांदा-टोमॅटो परतून त्यात शिजलेली डाळ घालायची ती दाल फ्राय, आणि डाळीवर शेवटी चरचरीत फोडणी ओतली की दाल तडका. बऱ्याच ठिकाणी दोन्ही नावांनी एकच वाटी येते हा भाग वेगळा. फ्राईड राईस पण परतलेलाच, मोठ्या आचेवर भराभर. चिनी भाषेत परतायला, तव्यावर करायला आणि तळायला तीन वेगळे शब्द आहेत, आपल्यासारखेच. इंग्लिशमध्ये एकच होता म्हणून बुवेई यांग चाओ यांच्या १९४५ च्या पाककृतींच्या पुस्तकात पहिल्या प्रकारासाठी स्टर-फ्राय हा शब्द घडवला गेला, आता तो जगभर चालतो. ज्यांच्याकडे शब्द नव्हता त्यांनी तो बनवला आणि आपल्याकडे परतणे असताना आपण ‘कांदा फ्राय करून घे’ म्हणतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

रव्याचं थोडं वेगळं. रवा तुपात असला तरी आपण तो भाजतो, परतत नाही, बेसन लाडवाचं बेसन पण भाजायचंच. इथे इंग्लिशमध्ये रोस्ट किंवा फ्राय काहीही लिहिलेलं असलं तरी मंद आच आणि कच्चा वास जाईपर्यंत हात चालू, एवढं धरून चालायचं.

राहिला एअर फ्रायर. यात फ्राय फक्त नावापुरतं आहे, गरम हवा पंख्याने जोरात फिरवणारी ती छोटी भट्टीच. घ्यायचा का असं मला सारखं विचारतात. घरात फ्रोझन फ्राईज, कटलेट, आधी वाफवलेली कोथिंबीर वडी, अळूवडी असं वरचेवर होत असेल तर जरूर घ्या, तेलाचा हात फिरवला की काम होतं. पण कांदाभजी, बटाटेवडा यांचं ओलं पीठ जाळीतून खाली ओघळतं, आणि शंकरपाळे बिस्किटासारखे होतात. दिवाळीचा फराळ त्यात करायचा म्हणून घेत असाल तर नका घेऊ.

आणि तळलेलं तेल. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून बिघडलं की वाढणारे घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही असा नियम लागू केलाय. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळपट, चिकट झालं, लवकर धुरायला लागलं की टाकून द्या, एकदाच वापरलेलं स्वच्छ तेल मात्र गाळून फोडणीला लवकर संपवलं तर चालतं. भाचीला तेच सांगितलं. अर्धा कांदा तसाच लाल तळून काढला, तो पुलावावर घालायला ठेवला, तेल गाळून बरणीत, आणि दोन चमचे कढईत ठेवून नवीन कांदा परतायला घेतला. छोले जेवायला दहा वाजले. त्या बरणीतल्या तेलाला कांद्याचा वास उतरला होता, दुसऱ्या दिवशी तिने त्यात मटकीला फोडणी दिली आणि मला फोटो पाठवला.