बोटीची शोअर पॉवर कॉर्ड: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

धक्क्यावर बोट बांधली की किनाऱ्यावरची वीज आत आणणारी ही कॉर्ड ऊन, पाऊस आणि खारा वारा सोसत दिवसरात्र बाहेरच पडून असते. माझी १६ अँपिअरची, २३० व्होल्टची, २५ मीटर लांब. आत तीन तारा, प्रत्येकी २.५ चौरस मिलिमीटर. वर काळं जाड रबर (केबलवर एच०७आरएन-एफ असं छापलेलं असतं ती) आणि दोन्ही टोकांना निळे गोल प्लग. बॅटरीचा चार्जर आणि फ्रिज कायम चालू. पाणी तापवायचा हीटर रोज आणि थंडीत खोलीचा हीटर तासन् तास.

केबल उत्तम निघाली. तिच्यासोबत आलेला बोटीकडचा कनेक्टर मात्र सुमार होता आणि तो मी बदलला.

विकत घेताना आपण जाडी, लांबी, रंग बघतो. खरी परीक्षा टोकांची होते. भरपूर भार चालू असताना तासाभरानं हात लावून पाहायची सवय मी ठेवली होती. केबल थंडच असायची, पण बोटीकडचा कनेक्टर आधी कोमट आणि काही आठवड्यांनी चांगलाच गरम लागायला लागला. वीज बंद करून, दोन्हीकडचे प्लग काढून तो उघडला. फेजच्या पिनेचा स्क्रू अर्धा फेरा सैल होता, तारेच्या बारीक केसांवर हिरवा कळंक चढला होता आणि शेजारचं प्लॅस्टिक तपकिरी पडायला लागलं होतं.

यात एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा ब्रेकर) काहीच करत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. सांध्यात ०.१ ओहम इतका रोध वाढला तरी १६ अँपिअरला तिथे पंचवीस वॅट उष्णता तयार होते, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. उलट २५ मीटरच्या अख्ख्या केबलमध्ये शंभरेक वॅट जातात, पण ते लांबीभर पसरलेले असल्यामुळे हाताला जाणवतही नाहीत. प्रवाह निम्मा केला की उष्णता चौथाई होते, म्हणून चार्जर-फ्रिजवर वर्षभर निमूट चालणारा प्लग पहिल्याच थंडीत जळतो. १६ अँपिअर म्हणजे कागदावर ३६८० वॅट. सतत चालणारा भार मी १३ अँपिअरच्या, म्हणजे साधारण ३००० वॅटच्या वर जाऊ देत नाही. दोन्ही हीटर एकत्र चालू असले तर किटली थांबते.

नवा कनेक्टर आयपी ६७ चा (पाणी आत न शिरू देण्याचा दर्जा) घेतला, फिरवून घट्ट बसणाऱ्या रिंगचा. आयपी ४४ शिंतोडे झेलतो, धक्क्यावर साचलेल्या पाण्यात पडला तर झेलत नाही. तारेची टोकं छाटून चकचकीत तांबं येईपर्यंत मागे गेलो, फेरूल (तारेच्या टोकावर चढवायच्या धातूच्या छोट्या नळ्या) दाबून बसवले आणि मग स्क्रू आवळले. उघड्या केसांवर थेट स्क्रू आवळला तर ते हळूहळू दबतात आणि सांधा सैल होतो. तेव्हापासून तोच भार, तेवढेच तास आणि कनेक्टर जेमतेम कोमट. कलई केलेल्या तांब्याची केबल मिळाली तर जास्त पैसे मोजायला हरकत नाही. कळंक फार उशिरा चढतो.

रबराबद्दल दोन्ही बाजू सांगतो. पीव्हीसीची कॉर्ड थंडीत काठीसारखी ताठ होते आणि गुंडाळीचे वळसे सोडत नाही. ही जशी टाकाल तशी पडून राहते. पण जड आहे, आणि डेकवर, हातांवर काळे डाग सोडते. पांढऱ्या डेकवाल्यांनी आधीच विचार करावा. धक्क्याच्या कडेवर घासते तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा तुकडा उभा चिरून चढवला आहे. केबलचं वजन क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) बांधलेल्या दोरीवर असतं, प्लगवर नाही. भरती-ओहोटीपुरती ढील ठेवायची, पण पाण्यात लोंबेल इतकी नाही.

लांबी गरजेपुरतीच घ्यावी. २५ मीटरला पूर्ण भारावर सहाएक व्होल्ट पडतात, ते चालतं; त्याच लांबीला १.५ चौरस मिलिमीटरची स्वस्त केबल घेतली तर दहाएक व्होल्ट. उरलेली केबल घट्ट गुंडाळून ठेवू नये. गुंडाळीची कॉइल होऊन चुंबकानं तापते असं काहीजण सांगतात, ते खरं नाही. फेज आणि न्यूट्रल शेजारीशेजारी उलट दिशेनं वाहतात, त्यांचं क्षेत्र एकमेकांना मारतं. आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही, एवढंच. मी सैल आठाचे वेढे पसरून ठेवतो.

अमेरिकी पद्धतीच्या बोटींवर पिवळी, फिरवून बसवायची ३० अँपिअर, १२० व्होल्टची कॉर्ड असते. रोग तोच, वर एक भर: प्लग अर्धवट फिरवून सोडला की वक्र पात्यांचा थोडाच भाग टेकतो आणि तिथेच जळतं.

लावताना आधी बोटीकडचं टोक, मग धक्क्यावरच्या विजेच्या खांबाकडचं. काढताना उलट, आणि दोन्ही वेळा ब्रेकर बंद. नाहीतर जिवंत टोक हातात घेऊन पाण्यावरून चालावं लागतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारं उपकरण) हवाच. गळतीची वीज पाण्यात उतरली की पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात, आणि गोड्या पाण्यात धोका खाऱ्याहून जास्त, कारण तिथे पाण्यापेक्षा माणसाचं शरीरच चांगलं वाहक ठरतं. चालू खांबांच्या धक्क्याजवळ पोहू नये.

खांबाला ३२ अँपिअरचाच सॉकेट असेल तर अडॅप्टर चालतो, पण मग कॉर्डमागचा एमसीबी ३२ चा होतो आणि १६ ची केबल जादा भारापासून वाचवणारं किनाऱ्याकडे कोणीच उरत नाही. बोटीत आत शिरताच १६ चा मुख्य ब्रेकर असेल तरच अडॅप्टर लावा. दोन कॉर्ड जोडायची वेळ आली तर जोडही आयपी ६७ चाच घ्या आणि तो फळ्यांवर न ठेवता उंच टांगा.