पहिला वर्णपटीय जोडतारा कोणता घ्यावा: वसिष्ठ की मेनकालिनन?

आठ-दहा इंची दुर्बीण हाताशी आहे, स्लिटचा (अरुंद फटीचा) स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे ताऱ्याचा वर्णपट नोंदवणारं उपकरण, मिळाला आहे आणि कॉलेजच्या प्रकल्पासाठी वर्णपटीय जोडताऱ्याचे (दुर्बिणीतून एकच दिसतो, पण वर्णपटातल्या सरकत्या रेषांवरून दोन तारे असल्याचं कळतं असा जोडतारा) वेग मोजून वस्तुमान काढायचं आहे. अशा वेळी दोन नावं हमखास पुढे येतात. एक सप्तर्षीतला वसिष्ठ (म्हणजे त्यातला मुख्य तारा, वसिष्ठ-ए) आणि दुसरा सारथी तारकासमूहातला मेनकालिनन, म्हणजेच बीटा ऑरिगी. दोन्ही मानाचे तारे. वसिष्ठाच्या वर्णपटातली कॅल्शियमची के-रेषा कधी एक तर कधी दोन दिसते, हे 1889 साली हार्वर्डच्या एडवर्ड पिकरिंग यांनी जाहीर केलं. त्याच वर्षी तिथेच अँटोनिया मॉरी यांना मेनकालिननच्या रेषाही अशाच दुभंगताना आढळल्या. एक तारा आपल्याकडे येत असताना दुसरा दूर जातो, त्यांच्या रेषा उलट दिशांना सरकतात आणि एकीच्या दोन दिसतात.

माझं मत मेनकालिननच्या बाजूचं आहे. कारणं सांगण्याआधी बाकीच्या प्रसिद्ध जोडताऱ्यांना का बाजूला ठेवलं तेही सांगायला हवं. अल्गोलमध्ये उजळ ताऱ्याच्याच रेषा सहज दिसतात. जोडीदाराच्या रेषा पकडायला 1978 साल उजाडावं लागलं. चित्राचा आवर्तकाल चार दिवसांचा आहे, पण ते तप्त तारे इतक्या वेगाने गिरक्या घेतात की रेषा पसरट होतात. ब्रह्महृदयाची एक फेरी 104 दिवसांची आणि वेग सेकंदाला जेमतेम 26 किमी, म्हणजे सुरुवातीसाठी फारच संथ.

वसिष्ठ आणि मेनकालिनन या दोन्ही जोड्यांमधले तारे जवळपास सारखे आहेत, त्यामुळे दोघांच्याही रेषा दिसतात. नवख्यासाठी हा मोठा फायदा आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून मोजलेल्या वेगात सेकंदाला 30 किमीपर्यंत फरक पडतो, शिवाय कॅलिब्रेशन (उपकरणाची तरंगलांबीची मोजपट्टी) थोडं सरकलं तर तीही चूक आत येते. पण दोन रेषांमधलं अंतर मोजलं तर हे सगळं आपोआप वजा होतं. दोन्ही वेगांच्या आयामांची (वेग सरासरीपासून जास्तीत जास्त जितका ढळतो त्याची) बेरीज या अंतरावरूनच निघते, आणि ती मिळाली की एकूण वस्तुमानाचं निम्मं काम झालं.

मेनकालिननमध्ये ही बेरीज सेकंदाला सुमारे 219 किमी आहे, वसिष्ठात साधारण 135. सिलिकॉनच्या 6347 अँगस्ट्रॉमच्या रेषेवर पाहिलं तर मेनकालिननचे दोन खड्डे (वर्णपटाच्या आलेखात गडद रेषा अशाच दिसतात) एकमेकांपासून 4.6 अँगस्ट्रॉमपर्यंत दूर जातात, वसिष्ठाचे सुमारे 3. हायड्रोजनच्या अल्फा रेषेकडे आधी वळू नका. या ए-वर्गाच्या ताऱ्यांत तिचे पंख इतके रुंद असतात की दुभंग फक्त मधल्या टोकाला कळतो आणि मोजताना हात अडखळतो. सिलिकॉनच्या 6347 आणि 6371 या रेषा किंवा मॅग्नेशियमची 4481 घ्या. फिल्टरसारखं बसवायचं शंभर रेषांचं ग्रेटिंग इथे उपयोगाचं नाही. 600 विभेदनक्षमतेच्या स्पेक्ट्रोग्राफला वेगळा ओळखता येणारा सर्वात लहान घटकच सेकंदाला 500 किमीचा असतो, त्यामुळे तोही पुरत नाही. दहा हजारांच्या आसपास जायला हवं, म्हणजे मिलिमीटरला 2400 रेषांचं ग्रेटिंग.

आता रात्रींचा हिशोब. मेनकालिननचा आवर्तकाल 3.96 दिवस. रोज नऊ वाजता पाहिलंत तर कला (ताऱ्यांची कक्षेतली स्थिती) रोज सुमारे पाव फेरीने पुढे जाते. नशीब चांगलं असेल तर आज दोन सुटे खड्डे, उद्या एकच खोल खड्डा, परवा पुन्हा दोन, पण जागा बदललेले. नशीब वाईट असलं तरी रोज अर्धवट दुभंगलेली रेषा मिळते आणि तेव्हाही अंतर दीडशे किमीच्या वर असतं. अडचण वेगळीच आहे. चार दिवसांनी जवळपास तीच कला परत येते, फरक जेमतेम एक टक्का. म्हणून एकाच वेळी न बघता काही रात्री संध्याकाळी, काही पहाटे वर्णपट घ्या, नाहीतर वक्रात चार ठिपक्यांचे चार पुंजके उरतील.

वसिष्ठ इतका उदार नाही. आवर्तकाल 20.54 दिवस, कक्षेची उत्केंद्रता (लांबटपणा; वर्तुळाला शून्य) 0.53. तारे जवळ येतात तेव्हा रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जेमतेम चार दिवसांत जातात आणि परतीला सोळा-सतरा दिवस रेंगाळतात. त्या चार दिवसांत ढग आले तर तीन आठवडे थांबा. शिवाय दोन्ही तारे इतके सारखे की रेषा एकदा मिसळून सुटल्या की कोणती कुणाची हेच कळत नाही, आणि इथे ओळख चुकली तर सगळा वक्रच चुकतो. पण केप्लरचा दुसरा नियम (जवळ असताना वेग जास्त, दूर असताना कमी) स्वतःच्या मोजमापातून दिसावा असं वाटत असेल तर वसिष्ठासारखा तारा नाही. मेनकालिननची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे, तिथे सरळसोट साइन वक्र मिळतो.

वस्तुमानाच्या बाबतीतही मेनकालिननच पुढे. वर्णपटातून नेहमी वस्तुमान गुणिले साइन घन आय एवढंच मिळतं; आय म्हणजे आपल्या नजरेच्या संदर्भात कक्षेचा कल, आणि तो कळत नाही. मेनकालिननमध्ये उथळ ग्रहणं होतात, म्हणजे एक तारा दुसऱ्याला थोडा झाकतो, त्यांवरून कल सुमारे 77 अंश निघतो. वेगांवरून येणारी 4.3 सौर वस्तुमानांची बेरीज दुरुस्तीनंतर 4.7 होते. वसिष्ठात ग्रहणच नाही. तिथे वर्णपट फक्त 3.1 देतो, आणि कल साठ अंशांच्या आसपास आहे हे व्यतिकरणमापकाने (प्रकाशलहरी एकत्र करून बारीक तपशील दाखवणाऱ्या उपकरणाने) तारे सुटे पाहिल्यावरच कळलं. गंमत म्हणजे त्याचीही खरी बेरीज 4.7च्या आसपासच आहे.

महाराष्ट्रातून पाहणाऱ्यासाठी ऋतूही ठरवतो. मेनकालिनन नोव्हेंबर ते मार्च चांगला, पुण्यातून जवळपास 64 अंश उंच येतो आणि पावसाचा त्रास नाही. वसिष्ठाचा हंगाम मार्च ते मे. एकदा जून लागला की चार महिने विसरा. प्रकल्पाला एप्रिलमध्ये हात घालणार असाल तर वसिष्ठच घ्या, तारे एकमेकांच्या सर्वात जवळ येण्याच्या तारखा आधी काढून ठेवा आणि 14 आर्कसेकंदांवरचा शेजारी तारा वसिष्ठ-बी स्लिटमध्ये येऊ देऊ नका. तोही वर्णपटीय जोडताराच आहे.