चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स की लेझर? वय पाहून ठरवा

घरात कुणाला नंबर लागला की तिन्ही पर्याय एका दमात चर्चेला येतात. पण 8 वर्षांचा मुलगा आणि पंचविशीतली त्याची मावशी यांच्यापुढचा प्रश्न एक नाही.

मुलाला चष्माच. डोळा वाढत असतो, नंबर बदलत राहतो, म्हणून लेझर 18 वर्षांनंतरच. मुलांच्या बाबतीत खरी निवड तपासणी कुठे करायची याची. दुकानातल्या कॉम्प्युटरवर झटपट काढलेला नंबर फसवा असू शकतो. जवळचं पाहण्यासाठी मुलांचे डोळे इतका जोर लावतात की उणे नंबर जास्त येतो. नेत्रतज्ज्ञ थेंब घालून हा जोर सैल करतात, मग मोजतात. काही तास अंधुक दिसेल, शाळा बुडेल, तरी हेच करा. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं, सगळीकडे नेत्रविभाग आहेत.

एकाच डोळ्याचा नंबर जास्त असेल तर मूल तक्रारच करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचं भागतं. मागे पडलेला तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, यांचा गुण उत्तम येतो; उशीर झाला तर तेवढा येत नाही. शाळेत घालण्याआधी एकदा तपासून घ्याच, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चष्मा लावल्याने नंबर वाढतो ही समजूत सोडून द्या. मुलांना काचेऐवजी पॉलिकार्बोनेटची भिंगं घ्या, फुटबॉल लागला तरी सहसा फुटत नाहीत.

मावशीचा निर्णय वेगळा. पावसात स्कूटरवर चष्म्यावरून पाणी ओघळतं, तेव्हा लेन्स सोयीची वाटते. पण लेन्स घालून कळंगुटच्या समुद्रात किंवा केसरवाळच्या झरीवर उतरायचं नाही, नळाच्या पाण्याने धुवायची नाही, झोपताना काढायचीच. पाण्यातल्या जंतूंनी बुबुळाला जखम झाली तर दृष्टी जाऊ शकते. एवढी शिस्त जमणार नसेल तर मी चष्माच सुचवेन.

लेझरसाठी नंबर वर्षभर स्थिर हवा, बुबुळाचा पडदा पुरेसा जाड हवा. गरोदरपणात ते करत नाहीत. डोळे आधीच कोरडे असतील तर त्रास वाढू शकतो. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेलच, हे धरून चाला. आणि लेझरच्या तपासणीला जायच्या आधी लेन्स किती दिवस बंद ठेवायची ते डॉक्टरांना फोनवर विचारून घ्या. लेन्सने बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मोजमाप चुकतं.